आईचा आवाज आणि मोटारीची बॅटरी

आमच्या घरात एक भुंगा होता. पत्र्याच्या गोल डबीतला, मुठीत मावेल एवढा. त्याचं खरं नाव व्हायब्रेटर, पण माझं लग्न झालं तेव्हा माझी जीभ काही त्या नावाला वळेना. चालू केला की तो गुणगुणायचा, म्हणून मी म्हणायला लागले भुंगा. हे आधी हसले, मग हेही तसंच म्हणायला लागले. शेवटी गिऱ्हाइकंसुद्धा दुकानाच्या पायरीवर उभी राहून विचारायची, ‘शेट, आमच्या रेडिओचा भुंगा बसला वाटतं, बघता काय?’

आता घरोघर इन्व्हर्टर असतो. वीज गेली की कोपऱ्यातला डबा टक् करतो आणि पंखा फिरत राहतो. कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. हा डबा जे करतो ना, तेच आमचा भुंगा करायचा, फक्त ओरडून करायचा. मला हे सगळं ह्यांनीच शिकवलं. मी शाळेत गेलेली नाही. अक्षरं लागली ती दुकानातल्या खोक्यांवरची नावं बघून बघून. त्यामुळं मी सांगते ते शास्त्राला धरून असेलच असं नाही, पण खोटं नाही.

माझं माहेर मिठागरातलं, पनवेलहून उरणच्या अंगाला, खाडीला लागून. हे आमच्याच आगरी समाजातले, पण मुंबईला एका रेडिओच्या दुकानात काम शिकून आलेले. पनवेलच्या बाजारात ह्यांनी दुकान टाकलं. रेडिओ दुरुस्ती, बॅटऱ्या चार्ज करून देणं, आणि लग्नाला कर्णा, म्हणजे लाउडस्पीकरचा भोंगा, भाड्यानं देणं. पनवेलात वीज होती. खाडीकडच्या गावांत कंदीलच. मग तिथं कर्णा वाजणार कशावर? तर मोटारीच्या बॅटरीवर.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलो तेव्हा बांधावर बसून ह्यांनी मला समजावलं. म्हणाले, ‘बॅटरीतली वीज म्हणजे नदी. एकाच दिशेनं जाणार. आणि तीही सहा व्होल्टची, अगदी संथ. ॲम्प्लिफायरमधल्या वॉल्वांना, त्या काचेच्या दिव्यांना, लागतात दोन-अडीचशे व्होल्ट. वाढवून द्यायचं काम ट्रान्सफॉर्मरचं, पण तो मोठा हट्टी. त्याला नदी चालत नाही, खाडी लागते. भरती-ओहोटी, भरती-ओहोटी. पाणी नुसतं एकाच बाजूला वाहत राहिलं तर हा ढिम्म.’

‘मग खाडी आणायची कुठून?’ मी म्हटलं.

‘तुझा भुंगा आणतो. त्या डबीत एक पोलादी पट्टी असते. ती दोन बाजूंना आपटत राहते. इकडं टेकली की वीज एका वाटेनं जाते, तिकडं टेकली की उलट्या वाटेनं. तुमच्या उघाडीवरचा माणूस दारं उघडतो-मिटतो ना, तसं, पण डोळ्याला दिसणार नाही इतकं भराभर. नदीची झाली खाडी. मग ट्रान्सफॉर्मर खूश.’

उघाडी म्हणजे बांधातली पाण्याची दारं. भरतीचं पाणी मिठागरात घ्यायला ती उघडतात. माझे वडील जन्मभर त्याच कामावर होते, तेव्हा मला हे पटकन कळलं. ह्यांनी पुढं सांगितलं की ट्रान्सफॉर्मरमधून वाढून आलेली वीज परत एकाच दिशेची करून वॉल्वांना द्यावी लागते. तेव्हा मात्र मी हसले. म्हटलं, एवढी उलटापालट करून पुन्हा होती तशीच? हे म्हणाले, ‘तशीच कशी? जाताना मांजर होती, येताना वाघीण झाली.’

निवडणुकीच्या सभा, जत्रा, गावच्या चावडीवरचा रेडिओ, सगळीकडं हा भुंगाच. ह्याचा मोठा भाऊ ह्यांनी मुंबईला आगबोटीवर बघितला होता. त्यात पट्टीच्या ऐवजी एक मोटरच फिरायची, बोटीतली एका दिशेची वीज घ्यायची आणि दुसऱ्या टोकाला घरासारखी वीज काढून द्यायची. पण आमच्या बैलगाडीत मावणारा हाच.

आणि बॅटरी पाणी पिते, हे तुम्हांला ठाऊकच असेल. उन्हाळ्यात जास्त. ते पाणी कसलंही चालत नाही. त्यात क्षार असता कामा नये, नाहीतर बॅटरी आतल्या आत मरते. औषधवाल्याकडचं डिस्टिल्ड, म्हणजे वाफेचं धरलेलं, पाणी मुंबईहून यायचं, कधी मिळायचं कधी नाही. म्हणून आम्ही पावसाचं धरायचो. चार-आठ दिवस पडून हवा धुऊन निघाली की उघड्या अंगणात, छपराला न लागलेलं. काचेच्या बरण्यांत भरून, तोंडाला फडकं बांधून, वर्षभर. ते माझं काम. ह्यांचा त्या बरण्यांवर देवाच्या तीर्थापेक्षा जीव.

आता आईचं सांगते.

आई धवलारीण होती. आमच्या लोकांत लग्न लावायचं ते धवलारणीनं. ती धवले गाते, आणि त्या गाण्यांनीच एकेक विधी पुढं सरकतो. देवांना बोलावणं, हळद, तेल, नवरानवरीला पाटावर आणणं, प्रत्येकाचा धवला वेगळा. धवला मधेच तुटून चालत नाही. तो पुरा होईपर्यंत नवरी पाटावरून हलत नाही. माझ्या आईला सगळे पाठ. कागद नाही, काही नाही. आमच्या आणि आजूबाजूच्या गावांत किती संसार तिच्या गळ्यातून निघाले असतील, देव जाणे. माझंही लग्न तिनंच लावलं. स्वतःच्या मुलीचा धवला गाताना तिचा आवाज एकदाही थरथरला नाही, आणि पाठवणीला मात्र ती मिठाच्या राशीआड जाऊन रडली.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं त्या वर्षी थंडीपासून आईचा घसा बसला. आधी वाटलं सर्दी. मग गिळताना दुखायला लागलं. पनवेलच्या डॉक्टरांनी टॉर्च लावून बघितलं, आणि ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, मुंबईला न्या. मुंबईला नेलं. गाठ होती. तिथल्यांनी जे सांगितलं ते आम्ही तिला सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, ‘धाकटीचा धवला हुईल ना माज्याकरनं? मंग काय करायचं ते करा.’

वैशाखापर्यंत तिचा आवाज पार खाली गेला. जवळ बसलं तर ऐकू यायचं, ओटीवरून अंगणात पोचायचं नाही. गावात कुजबुज सुरू झाली की दुसरी धवलारीण सांगा. माझी मावशी तर तोंडावरच म्हणाली, ‘अगो, तुजा आवाज आता मुंगीला ऐकू जाईल. मांडवात मुंग्या बसवायच्या हाईत काय?’

आई हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हे तिथंच बसले होते. म्हणाले, ‘आई, तुम्ही नुसतं पुटपुटा. गावभर पोचवायचं माझ्याकडं लागलं.’

‘खरंच हुईल, जावयबापू?’

‘चुन्याची डबी उघडल्याचा आवाज तो माइक गावभर करतो. तुमचा तर गाता गळा आहे.’

मावशी म्हणाली, ‘बघा हां! नायतर मांडवात डबीचाच आवाज यायचा.’

सगळे हसले. आईसुद्धा. बऱ्याच दिवसांनी तिला तशी हसताना पाहिलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही बैलगाडीनं पोचलो. दोन कर्णे, ॲम्प्लिफायरची पेटी, चावीचा ग्रामोफोन, दोन बॅटऱ्या, एक जास्तीचा भुंगा, आणि पाण्याची एक बरणी. ती ह्यांनी उन्हात नको म्हणून आतल्या खोलीत, माठांच्या ओळीत ठेवली. हळदीला तिन्हीसांजेपर्यंत तबकड्या वाजवल्या. उकाडा असा की अंगावर लुगडं टेकवत नव्हतं. वाजवून झाल्यावर ह्यांनी बॅटऱ्यांची बुचं उघडली, तर आत पाणी बरंच खाली गेलेलं. बरणी आणली, दोन्ही बॅटऱ्या काठोकाठ भरल्या, बुचं लावली. मी हळद खेळत होते. ह्यांनी लांबूनच मला हात केला, सगळं तयार म्हणून.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर लग्न लागलं. एक कर्णा माडाला, एक वडाला. आईला पाटाजवळ बसवलं. माइक ह्यांनी तिच्या ओठांशी धरला, स्वतः गुडघ्यावर बसून. पेटी चालू झाली, भुंगा गुणगुणला, आणि आईनं तोंड उघडलं.

काय सांगू तुम्हांला. माडावरून आईचा आवाज आला. चिरका, घोगरा, पण तिचाच. तीच वळणं, तीच दम घ्यायची जागा. मिठागरात टोपल्या वाहणाऱ्या बाया बांधावर थांबल्या. मावशीनं पदर तोंडाला लावला. आणि आई! ती गाता गाता वर माडाकडं बघत होती. स्वतःचा आवाज एवढा मोठा तिनं जन्मात ऐकला नव्हता. तिचा हात आपोआप धाकटीच्या पाठीवर गेला.

देवांना बोलावून झालं. नवरीला पाटावर आणलं. त्या धवल्याच्या मध्यावर भुंग्याचा आवाज बदलला. जड झाला, गळा दाबल्यासारखा. कर्ण्यातला आवाज खोल खोल गेला, आणि बंद.

हे पेटीकडं धावले. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं भुंग्याला टिचक्या मारल्या. पट्टी चिकटली की तसं करतात. काही नाही. दुसरा भुंगा घातला. नाही. दुसरी बॅटरी जोडली. भुंगा एकदा गुरगुरला आणि गप्प झाला. ह्यांच्या हनुवटीवरून घाम टपकत होता.

आणि आई गातच होती. तिचे ओठ हलत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. मी दोन हातांवर होते, मला ऐकू येत होती ती फक्त खरखर. मागं बसलेल्यांना काहीच नाही. वराकडचा एक म्हातारा म्हणाला, ‘झाला काय धवला? उठवा मंग नवरी.’

‘नाय झाला अजून,’ मी ओरडले. पण किती वेळ? मांडवात चुळबुळ व्हायला लागली, पोरं हसायला लागली. वराकडच्यांनी आपली एक धवलारीण बरोबर आणली होती, तरुण, खणखणीत गळ्याची. बिचारीनं आधी आईकडं बघितलं. मग मान खाली घालून तिनं धवला उचलला, आई होती तिथूनच. तुटू नये म्हणून. तिनं बरोबरच केलं. आईनं दोन ओळी तिच्याबरोबर ओठ हलवले, मग थांबली. धाकटीच्या पाठीवरचा हात काढून स्वतःच्या मांडीवर ठेवला.

लग्न झालं. धाकटी गेली. ‘भोंगेवाल्या जावयाचा भोंगा फुटला’ म्हणून पंगतीत हसणं झालं ते झालं.

दुसऱ्या दिवशी सामान बांधताना ह्यांनी बॅटरीचं बूच उघडून नाक लावलं. मग बरणीतलं उरलेलं पाणी बोटाला लावून जिभेवर ठेवलं, आणि तिथंच बसले. पाणी मचूळ होतं. आमच्या विहिरीचं. मिठागराच्या कडेची विहीर ती, तिचं पाणी आम्ही गावकरीच पिऊ जाणे.

आई ओटीवर लसूण सोलत होती. ह्यांनी अगदी सहज आवाजात विचारलं, ‘आई, ह्या बरणीतलं पाणी कुणी बदललं काय?’

‘मीच की,’ आई म्हणाली. तिचं म्हणणं आता ओठांकडं बघून समजून घ्यावं लागे. ‘हलदीच्या दिवशी घरात शिलं पानी ठेवत नाय आमी. सगले माठ रिकामे करून इहिरीचं नवं भरलं. तुमची बरनी बघितली. ही बोलली, गेल्या पावसातलं पानी हाय.’ तिनं माझ्याकडं मान हलवली. खरंच, कधीतरी मी तिला कौतुकानं सांगितलं होतं. ‘म्हटलं, जावई एवढं जुनं पानी पितात? ओतून दिलं. बरनी घासून नवं भरलं तुमच्यासाठी. पियालात ना?’

लग्नाच्या घरात शिळं पाणी ठेवायचं नाही, ही आमच्या घरची रीत तिनं आयुष्यभर पाळली होती. त्या दिवशीही पाळली. ताप अंगात असताना विहिरीवर जाऊन पाळली.

ह्यांनी बरणीला फडकं बांधलं. म्हणाले, ‘प्यालो, आई. गार होतं.’

गाडीत बसल्यावर ह्यांनी मला सांगितलं, आणि म्हणाले, ‘हे आपल्या दोघांतच राहू दे. तिला कळलं तर ती जायच्या आधीच जाईल.’ मी हो म्हटलं.

पण एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. यंत्र का थांबलं याचं आईनं आपल्या मनाशी उत्तर ठरवून टाकलं होतं. पुढच्या खेपेला गेलो तर म्हणाली, ‘तुमच्या मशीनचा काय दोष, जावयबापू. माज्यात आवाजच नाय उरला, ते तरी कुठवर वढील?’

हे तिच्यासमोर मांडी घालून बसले. तिला सगळं समजावलं, जसं मला बांधावर समजावलं होतं तसं. नदी, खाडी, पट्टी. म्हणाले, ‘आई, माणसाच्या आवाजावर यंत्र चालत नाही. जोर सगळा बॅटरीचा. उघाडीवरचा माणूस काय पाणी ढकलतो? तो नुसतं दार उघडतो, पाणी खाडीचं. तसा तुमचा आवाज नुसता दार उघडायला. बॅटरी बसली, म्हणून बंद पडलं.’

आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘पन दार उघडायलाबी हातात जोर लागतो ना, जावयबापू? ह्यांचे हात सुजायचे.’ ह्यांचे म्हणजे माझ्या वडिलांचे.

‘मग बॅटरी कशानं बसली?’ असं तिनं विचारलं असतं तर ह्यांनी काय सांगितलं असतं, ते मला माहीत नाही. तिनं विचारलं नाही. आम्ही दर आठवड्याला जायचो, आणि दर वेळी हे नव्यानं समजावायचे. कधी पाळण्याचा दाखला द्यायचे, कधी चाळणीचा. ती मान डोलवायची आणि मला हळूच म्हणायची, ‘नवरा चांगला मिलाला तुला, बाय. माजं मन राखतो.’

श्रावणात तिचं गिळणं बंद व्हायला आलं. ह्यांच्या मनानं घेतलं की एकदा तिला दाखवून द्यायचं. नवी बॅटरी आणली, पावसाचं पाणी स्वतः धरून भरलं, सगळं दुकानात तपासलं. पावसाची उघडीप बघून गाडी जुंपली. कर्णा ओटीच्या खांबाला बांधला. आईला मी भिंतीला टेकवून बसवलं. हे म्हणाले, ‘आई, राहिलेला धवला पुरा करा. धाकटीचा. कितीही हळू म्हणा.’

भुंगा छान चालला. एक सूर, कुठं अडखळ नाही. आईनं माइककडं बघितलं, पदर सावरला, आणि तोंड उघडलं.

आवाज आलाच नाही. गळ्यातून काही निघेना. कर्ण्यातून आला तो फक्त तिचा श्वास. आत जाणारा, बाहेर येणारा, खरखरीत, एवढा मोठा की शेजारच्या घरातल्या बाया दारात आल्या. ती पुन्हा प्रयत्न करायची आणि पुन्हा श्वास. तिचाच श्वास तिच्या डोक्यावरून सगळ्या गावाला ऐकू जात होता. मी म्हटलं, बंद करा हो, बंद करा. ह्यांचा हात बटणाशी होता, पण हलत नव्हता. शेवटी आईनंच माइकवर तळहात ठेवला.

ह्यांना तिनं जवळ बोलावलं. ओठांशी कान नेऊन ह्यांनी ऐकलं, आणि पेटी बंद केली. नंतर मला सांगितलं काय म्हणाली ते. ‘आता कललं. मशीन सोन्यासारखं हाय. मंग मीच.’

माझ्या ओठांवर आलं होतं, आई, तू नाहीस, पाणी. एवढाच एक शब्द. पण तो सांगितला तर तिचा आवाज तिला परत मिळायचा आणि धाकटीचं लग्न तिच्या हातून मोडल्यासारखं व्हायचं. कुठलं दुःख हलकं, हे मला त्या ओटीवर ठरवता आलं नाही. आज एवढं वय झालं, अजून येत नाही. हे खाली बघत वायर गुंडाळत राहिले, गुंडाळलेली सोडून पुन्हा गुंडाळत राहिले.

त्यानंतर जो कोणी तिला भेटायला यायचा त्याला ती खुणेनं जवळ बोलवायची आणि म्हणायची, जावयाच्या मशीनला नाव ठेवू नका, खोट माज्या गल्यात हुती. ज्याला ऐकू यायचं नाही त्याला मावशी मोठ्यानं सांगायची. गणपती गेले आणि ती गेली.

तुळशीच्या लग्नानंतर खाडीकडच्या गावांतून कर्ण्याची बोलावणी यायला लागली, आधी कधी नव्हती तेवढी. आलेला माणूस पायरीवर बसून आवर्जून सांगायचा, ‘म्हातारी आमाला सांगून गेली, मशीन एक नंबर हाय, बिनधास्त घ्या.’ एवढं ऐकलं की हे उठून आतल्या खोलीत जायचे, आणि लग्न कुठल्या दिवशी, कर्णे किती पाहिजेत, ते सगळं मलाच विचारून घ्यावं लागायचं.